पुलाअलीकडचा वाटाड्या

३ जानेवारी

माननीय ध्वनिमुद्रक साहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमच्या स्टुडिओचा पत्ता माझ्या सुनेनं खेळाच्या कंपनीला चार वेळा विचारून मिळवला.

मी निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली, म्हणजे बरीचशी कविताच शिकवली. व्याकरणाचा तास आला की मी हळूच कवितेच्या पानावर घसरायचो आणि मुलंही मला घसरू द्यायची. आता घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा कामासाठी बहुतेक बाहेरगावी. सून दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटते आणि रविवारी दुपारी टीव्हीसमोर मांडी ठोकून ‘धुक्यापलीकडचा देश’ हा खेळ खेळते. एवढी शिकलेली बाई तलवार घेऊन राक्षसांमागे काय धावते, म्हणून मी चिडवायचो. ती म्हणायची, “बाबा, माझे पेशंट आ करून मुकाट्यानं सोसतात. हे राक्षस निदान उलट मारतात तरी.”

मागच्या महिन्यात मी आतल्या खोलीत मटार सोलत बसलो होतो. बाहेरून आवाज आला, “अरे ए, थांब की जरा! नदी काय पळून चाललीय?”

माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मटार पार कपाटाखालपर्यंत गेले. तो आवाज माझ्या मित्राचा होता, आणि मित्र जाऊन दोन वर्षं झाली होती.

सुनेनं समजावलं, की हा खेळातला वाटाड्या. आपण मुसाफिर. तो आपल्याबरोबर चालतो, आपण काय बोलतो त्यावर खुलतो नाहीतर रुसतो. मी तिला म्हटलं, मला पहिल्यापासून खेळायचंय. तेव्हापासून आमची वाटणी ठरलीय: लढाई तिची, बोलणी माझी. पडद्यावर तीन उत्तरं येतात. मी तिन्ही मोठ्यानं वाचतो आणि ज्यानं तो हसेल ते निवडतो. ती कपाळाला हात लावते. “असं करत राहिलात तर राक्षस म्हातारा होऊन मरेल, बाबा.” मरेना का.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आवाज त्याचाच ना? शाळेत आम्ही त्याला नाटक्या म्हणायचो, पुढे तो खरंच नाटकात गेला. आणि दुसरं, त्यानं म्हटलेलं पण खेळात न घेतलेलं असं काही तुमच्याकडे राहिलंय का? नुसती शिंक असली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक


१५ जानेवारी

आदरणीय सर,
नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मी साहेब नाही, बाई आहे. तुमची काही चूक नाही, काचेपलीकडे बटणं फिरवणारा म्हटलं की सगळ्यांना मिशाच दिसतात.

हाताने लिहिलेलं पत्र आमच्याकडे पहिल्यांदाच आलं. आधी वाटलं, कुणाचं तरी लग्न असावं.

हो, आवाज काकांचाच. त्यांनी चार महिने माझ्याकडे काम केलं. बूट करकरतात म्हणून दाराशीच काढायचे. पोट गुरगुरलं की माईकमध्ये येतं, म्हणून सुरू करण्याआधी एक केळं खायचे आणि दुसरं मला खायला लावायचे. म्हणायचे, “तुझं पोट काय कमी बोलकं आहे?” लिहून आलेलं वाक्य त्यांनी कधीच तसं म्हटलं नाही. कागदावर होतं, ‘मित्रा, क्षणभर विसावा घे.’ ते ओरडले, “असं मित्राशी बोललो तर तो ताप आलाय का बघेल!” मग तुम्ही ऐकलेलं ते नदीचं वाक्य आलं.

बोलायला समोर माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक रिकामी खुर्ची समोर ओढून घ्यायचे, तिच्यावर स्वतःचा कोट ठेवायचे आणि कोटाला ‘पंतोजी’ म्हणायचे. “आज पंतोजींचं लक्ष नाही,” “पंतोजी, हसू नका, वाक्य चुकेल.” चार महिने मी हे काचेतून बघितलं.

सर, तुम्ही भाषा शिकवायचात, असं लिहिलंय. ते पंतोजी तुम्हीच का?

शिंका तीन सापडल्या. एक खोकलाही आहे. छोट्या पेनड्राइव्हवर घालून पाठवते आहे.

आपली,
ध्वनिमुद्रक (बाई)


२२ जानेवारी

बाई,
अनेक आशीर्वाद.

मीच तो. तुमचं पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालत होती, तिला वाटलं मी तिच्याकडेच बघतोय. तिनं खिडकी लावून घेतली.

शिंका ऐकल्या. दुसरी खोटी आहे. वर्गातून बाहेर जायचं असलं की तो हीच शिंक काढायचा.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर. पाचवीच्या पुस्तकात डोंगरानं ढगाला निरोप देण्याची कविता होती. मास्तरांनी दोघांना उभं केलं, तो ढग आणि मी डोंगर. मी पाठ म्हणत होतो आणि तो खरोखर दाराकडे निघाला, मागे वळून बघत, डोळ्यांत पाणी आणून. मास्तरांनी चष्मा पुसला. कविता कागदावर नसते, हे मला त्या दिवशी कळलं. तेच मी पुढे पस्तीस वर्षं मुलांना सांगत राहिलो, त्याचं नाव न घेता.

मध्यंतरी आमच्यात जरा बोलाचाली झाली होती. म्हातारी माणसं, होतंच असं.

आम्ही आता शेवटच्या पुलापर्यंत आलो आहोत. सुनेच्या दवाखान्यातल्या एकीनं खेळ पुरा केलाय. तिच्याकडून कळलं, की वाटाड्याला पूल ओलांडता येत नाही, तो त्या काठाचाच. मुसाफिरानं एकट्यानं पुढे जायचं. तुम्हाला माहीतच असेल, की अलीकडे मिठाच्या गावात मुसाफिर त्याच्यावर सगळ्यांसमोर खोटा आळ घेतो. तो प्रसंग टाळता येत नाही, मी तीनदा मागे जाऊन बघितलं. पुलावर वाटाड्या विचारतो, “जाण्याआधी काही बोलायचंय?” तीन उत्तरांतलं एक ‘माझं चुकलं’ असं आहे म्हणे. ते निवडल्यावर तो काय म्हणतो ते तिनं सांगितलं नाही. मजा जाईल म्हणाली.

मला मजा नको. तो काय म्हणतो, तेवढं तुम्ही मला आधी कळवा.

तुमचा,
पंतोजी


९ फेब्रुवारी

सर,
नमस्कार.

उशिराबद्दल माफ करा, काम फार होतं.

शेवटच्या प्रसंगाबद्दल मी काय लिहू? प्रत्येकानं आपापलं ऐकावं. आणि खरं सांगायचं तर पूल ओलांडलाच पाहिजे असंही नाही. पुलाअलीकडे खूप जागा आहे. डावीकडे तळं आहे, तिथे वाटाड्या गळ टाकून बसतो आणि माशांना नावं ठेवतो. काकांनी ते सगळं आयत्या वेळी सुचून म्हटलंय. तुम्ही दोघं तिथेच थांबलात तरी काही बिघडत नाही.

तब्येतीला जपा.

आपली,
ध्वनिमुद्रक


१४ फेब्रुवारी

बाई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मी उत्तरपत्रिका तपासत आयुष्य काढलंय. प्रश्न येत नसला की मुलं असंच लिहितात, तळ्याबद्दल. तुम्हाला उत्तर येतंय, पण सांगायचं नाही. म्हणजे तो काहीतरी लागेल असं बोललाय. मला वाचवायला बघू नका. मागच्या पत्रात मी तुमच्याशी पुरतं खरं बोललो नाही, ते आता बोलतो.

तेरा वर्षांपूर्वी माझी बायको गेली. शाळेच्या सभागृहात शोकसभा होती. डोंगर-ढगाची ती कविता तिला फार आवडायची, इस्त्री करताना गुणगुणायची. नाटक्या उठला आणि त्यानं ती म्हटली. अशी म्हटली, की संपल्यावर मागून कुणीतरी टाळी वाजवली. लोक विसरले कुठे बसलेत ते. अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभा राहिलो. दोनशे माणसांसमोर म्हणालो, “माझ्या बायकोच्या मरणावरही टाळ्या घेतल्यास? झालं समाधान?”

त्यानं चष्मा खिशात ठेवला आणि निघून गेला. या वेळी वळून बघितलं नाही.

त्या टाळ्यांत त्याचा काय दोष होता? हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण आज जाऊ, सुट्टीत जाऊ, त्याच्या वाढदिवसाला जाऊ, असं करत राहिलो. तो गेल्याचा निरोप आला तेव्हाही गेलो नाही. गुडघे धरलेत, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे ठणठणीत होते, बाई. वहिनींसमोर कसा उभा राहणार होतो?

आता पूल ओलांडणार आहे. काय बोलायचं ते बोलू दे त्याला.

पंतोजी


२७ फेब्रुवारी

बाई! अहो बाई!

कसं लिहू? काल दुपारी ओलांडला. सूनबाईंनी पुलावरचे ते दोन राखणदार लोळवले आणि यंत्र माझ्या हातात दिलं. त्यानं विचारलं, “जाण्याआधी काही बोलायचंय?” मी ‘माझं चुकलं’ निवडलं, आणि पडद्याकडे बघून तोंडानंही म्हटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि तो म्हणाला, “माझ्या मनात काही राग नाही. जा तू.”

किती हळू म्हणाला! नाटक्याचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आणि हे मात्र असं, जणू फक्त मलाच ऐकू यावं. मी लहान मुलासारखा रडलो. सुनेनं माझा चष्मा काढून पुसून पुन्हा माझ्या नाकावर ठेवला. पेशंटलाही इतक्या हळू हात लावत नसेल.

तुम्ही का लपवत होतात तेही आता उमगलं. हे सुख आधी सांगून उष्टं करायचं नव्हतं तुम्हाला. आणि मी वेडा काय काय समजलो!

पुढच्या रविवारी वहिनींकडे जातो आहे. आता जाता येईल. सांगेन, “वहिनी, तो माझ्यावर रागावून गेला नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.” त्यांचाही जीव हलका होईल.

तुमचे उपकार कसे मानू?

तुमचाच,
पंतोजी


२ मार्च

सर,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे, रविवारच्या आत तुम्हाला मिळावं म्हणून. कृपा करून बसून वाचा.

काकूंना ते सांगू नका. शेवटच्या दिवशी काकांना धाप लागत होती, म्हणून काकू त्यांच्याबरोबर आल्या होत्या. माझ्या शेजारीच, काचेच्या अलीकडे, पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. त्यांना खरं काय ते माहीत आहे.

ते वाक्य काकांनी म्हटलेलं नाही.

कागद हातात घेऊन त्यांनी ते मनात वाचलं आणि मान हलवली. मी म्हटलं, “काका, हे तुमचं नाही, पात्राचं वाक्य आहे.” ते म्हणाले, “पात्राचं असेल. तोंड माझं आहे.” मी म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात घेऊ. पुढचा आठवडा आलाच नाही. ते दवाखान्यात गेले आणि तिथूनच गेले.

कंपनीची तारीख डोक्यावर आली होती. दुसऱ्या कुणाचा आवाज लावला असता तर चार महिन्यांचं काम फुकट गेलं असतं. मी ते वाक्य जोडलं, सर. ‘माझ्या मनात’ हे जंगलातल्या ‘माझ्या मनात एक गाणं घोळतंय’मधलं. ‘काही’ तळ्यावरचं. ‘राग नाही’ हे ‘मला राक्षसाचा राग नाही, कीव येते’ यातलं. ‘जा तू’ लढाईतलं, ‘मागे जा तू!’ ते ओरडणं होतं, म्हणून मी आवाज खाली ओढला. बाकीचं सगळं त्याच्या पातळीवर आणावं लागलं. ते हळू बोलले नाहीत, मी त्यांना हळू केलं.

या कामाचं माझं कौतुक झालं. सांधा कुठे कळत नाही, म्हणाले. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून मला तो सांधाच ऐकू येतो आहे. म्हणून तळं दाखवत बसले. आधीच सांगायला हवं होतं. तुमचं आनंदाचं पत्र वाचून तर गप्पच राहावंसं वाटलं. पण तुम्ही काकूंसमोर ते म्हणाल आणि त्या तुमच्याकडे बघतील, हे मला सहन होईना.

त्या दिवशी ते खरं काय बोलले, ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. सोबत पाठवते. ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मला माफ करा, असं लिहायची हिंमत नाही.

ध्वनिमुद्रक


२१ मार्च

बाई,

तुम्ही वाट बघत असाल, हे कळत होतं. पण लिहायला हात उचलत नव्हता.

तुमच्यावर चिडलो होतो, हे आधी सांगतो. दोन दिवस चिडलो होतो. सुनेलाही विनाकारण बोललो, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं. मग एका सकाळी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, तो पेनड्राइव्ह की काय तो जोडला आणि म्हणाली, “मी आंघोळीला जाते. मला अर्धा तास लागतो.” तिला दहा मिनिटं लागतात.

आधी खोकला. मग पेला ठेवल्याचा आवाज. मग तो.

“हे नाही म्हणणार मी. राग आहे माझ्या मनात. अकरा वर्षं सांभाळलाय, असा फुकट देणार नाही. त्याला येऊ दे. माझ्या समोर उभा राहू दे, मान खाली घालून, गाढवासारखा. मग बघतो म्हणायचं की नाही ते.” मागून वहिनी म्हणतात, “अहो, पुरे, धाप लागेल.” आणि तो म्हणतो, “येईल गं तो. त्याला सगळंच उशिरा कळतं.”

बाई, तुम्ही जोडलेलं वाक्य गोड होतं. पण पाठ करून आलेल्या मुलासारखं होतं, एक अक्षर चुकलं नाही. याच्यात तो सगळा आहे, दमलेला, हट्टी, मला गाढव म्हणणारा. मला माफी मिळालेली नाही. मागायला मी गेलोच नाही, तर मिळणार कुठून? पण तो वाट बघत होता, एवढं मला कळलं. ते कळणं माफीपेक्षा फार जड आहे.

ते वाक्य खेळातून काढू नका. दुसरा कुणी मुसाफिर असेल, त्याच्या उपयोगी पडेल. माझ्यासाठी ते नव्हतं, इतकंच.

त्या रविवारी मी गेलो नाही. या रविवारी गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं, दार तसंच उघडं ठेवून आत गेल्या. मी बाहेर उभा. आतून म्हणाल्या, “आता काय आमंत्रण देऊ? या.”

मी मान खाली घालून म्हटलं, “वहिनी, माझं चुकलं.”

“मला काय सांगता, भावजी? मी कुठे रुसले होते?” त्यांनी चहा टाकला. पाठमोऱ्याच बोलत होत्या. “त्या दिवशी स्टुडिओतून निघालो. गाडीत मी म्हटलं, मीच लावते फोन त्यांना. तर म्हणतात कसे, त्याला लावू दे, मी त्याच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे. दोन महिने! सत्तरीच्या घरात!” हसल्या. मग हसू थांबलं. “शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं. खोलीचं दार वाजलं की मान वळवायचे. नर्स असायची. मग परत भिंतीकडे.”

मी कप धरून बसलो होतो. चहावर साय आली होती.

त्या समोर येऊन बसल्या. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, त्याचं मला जास्त लागलं. म्हणाल्या, “तुम्ही एकदा जरी—”

कप उचलून आत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पस्तीस वर्षं मी फळ्यावर अर्धी वाक्यं लिहून मुलांना रिकाम्या जागा भरायला लावल्या. त्या वाक्यापुढे मात्र गप्प बसून राहिलो. नळ बंद झाला तेव्हा उठलो, आणि दार हळूच ओढून घेऊन चार मजले उतरलो.

तुमचा,
सर